खटकेरावांची बोटं

मूल व्हायला जगात कसलीच पात्रता लागत नाही. खटकेरावांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे आक्काला, पाच मुलं झाली. पाचही वेळा कुणी तिच्या नवऱ्याला विचारलं नाही की बाबा रे, पोलिसांत तुझ्या नावावर काही आहे का, राग आला की तू काय करतोस, आणि शेजारी तुझ्याबद्दल काय बोलतात? विचारलं नाही तेच बरं झालं म्हणा. शेजारी जे बोलत होते ते ऐकून एखाद्याने झालेली मुलंही उचलून नेली असती. पण दुसरीकडे जन्मलेलं मूल घरी आणायचं म्हटलं, की झोपलेलं जग ताडकन उठून बसतं. मग तुमच्या दहा बोटांपासून न्हाणीघराच्या दारापर्यंत सगळं तपासून घेतलं जातं.

"आमची पाचही बिनतपासणीची," आक्का ठसक्यात सांगायची. "आणि बघ, एकही वाया गेलं नाही."

त्या वेळी तिचा तिसरा मुलगा दुसऱ्या शाळेतून काढून टाकल्यामुळे घरीच असायचा आणि मामाच्या दुकानातल्या किल्ल्या फेकून कबुतरं उडवायचा.

मामाचं दुकान बाजाराच्या मागे एका जिन्याखालच्या खोबणीत होतं. किल्ल्या कापायचं एक यंत्र, कानशींचा जुडगा, तेलाची चोचदार बुधली आणि खिळ्यांवर टांगलेल्या शेकडो कोऱ्या किल्ल्या. एवढ्या पसाऱ्यात मालक बसायचा कुठे, असा प्रश्न नव्या गिऱ्हाइकाला पडायचा आणि मग यंत्रामागून एक टक्कल वर यायचं. खटकेराव हे नाव त्यांना गल्लीने दिलेलं. अडलेल्या कुलपाला कान लावून ते डोळे मिटायचे, तारेने आत काहीतरी कुरवाळायचे आणि बाळंतपणातल्या सुइणीच्या समाधानाने म्हणायचे, "लागला खटका!" की उघडलंच.

त्यांचे दोन नेम होते. एक, घरात माणूस असेल तर त्याने हो म्हटल्याशिवाय कुलपाला हात लावायचा नाही. नवरा-बायकोच्या भांडणात बायको आतून कडी घालून बसली, आणि बाहेर नवरा हातापाया पडतोय, अशा वेळी खटकेराव दारावर टकटक करून विचारायचे, "वहिनी, उघडू का?" वहिनी नाही म्हणाली, की पिशवी उचलून चालू पडायचे. नवरा कितीही ओरडो.

दुसरा नेम तेलाचा. काम झालं की कुलपात तेलाचा एक थेंब सोडायचा आणि अंगठ्याने खटका दोनदा मागेपुढे करून बघायचा. सांगितलं नसलं तरी. शेजारचं कपाट करकरताना दिसलं तर त्यालाही. फुकट. या दुसऱ्या नेमाने त्यांना पुढे जो हिसका दाखवला, तो पाहता माणसाने चांगल्या सवयी लावून घेताना जरा विचार करावा.

त्यांची बायको बसस्थानकावर हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीत बसायची. जगातल्या विसराळूपणावर तिचा संसार चाललेला. छत्र्या, डबे, एकेक चप्पल, एकदा तर दातांची कवळी, असं सगळं तिच्या मागच्या फळ्यांवर मांडलेलं असायचं. न्यायला आलेल्या प्रत्येकाला ती एकच म्हणायची, "दोन खुणा सांगा." एक खूण कुणीही सांगतो, काळी छत्री. काळ्या तर सगळ्याच असतात. दुसरी खूण सांगणाराच खरा मालक. कवळीवाल्या आजोबांनी दुसरी खूण म्हणून कवळी तोंडात बसवून दाखवली, तेव्हा कुठे तिने सही घेतली.

या दोघांना मूल नव्हतं. त्याचं कारण डॉक्टरांना विचारून झालं, आणि मग विचारणंही संपलं. चाळिशी ओलांडताना एका सकाळी बायको चहाचा कप पुढे ठेवत म्हणाली, "अहो, आपण आणू या का?"

"काय?" खटकेरावांना वाटलं, नवीन पंखा.

"मूल."

खटकेरावांनी कप खाली ठेवला. एरवी चहा संपेपर्यंत ते तो ठेवत नसत.

संस्थेत त्यांनी पहिल्यांदा पाहिली ती साडेतीन वर्षांची मुलगी. ती खेळत नव्हती, रडत नव्हती, खोलीतल्या सगळ्या दारांची हँडलं एकामागून एक दाबून बघत होती. खटकेरावांच्या काळजाचा तिथेच खटका लागला. त्यांनी खिशातून एक कोरी किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिने ती उलटीपालटी केली.

"यानं काय उघडतं?"

"अजून काहीच नाही. कोरी आहे. दात पाडायचे बाकी आहेत."

"माझे पडले नाहीत अजून," मुलगी म्हणाली, आणि किल्ली मुठीत धरली ती परत दिलीच नाही. निघताना संस्थेच्या बाई ती काढून घ्यायला लागल्या, तर खटकेराव म्हणाले, "राहू द्या. तिचीच आहे."  घरी परतल्यावर जिना चढताना बायको म्हणाली, "तिला पश्चिमेकडची खिडकी देऊ. उन्हं येतात." म्हणजे विषय संपला होता. आता उरलं होतं फक्त सरकार.

सरकारतर्फे आधी आल्या त्या भेटीच्या ताई. चष्मा, कापडी पिशवी, आणि बोलताना समोरच्याच्या डोळ्यांतून आरपार मागच्या भिंतीपर्यंत बघण्याची सवय. त्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकलं, "मी चांगलं लिहीत नाही, वाईट लिहीत नाही. डोळ्यांनी बघते तेवढंच लिहिते. एक अक्षर पदरचं नाही."

"आम्हालाही तेच हवंय," खटकेराव म्हणाले. बिचाऱ्यांना माहीत नव्हतं काय मागताहेत ते.

ताईंनी स्वयंपाकघर बघितलं, गच्चीचा कठडा हलवून बघितला, औषधं कुठे ठेवता ते विचारलं. मग त्या हात धुवायला न्हाणीघरात गेल्या आणि आत अडकल्या.

इथे एक कबुली घरादारातर्फे देणं भाग आहे. त्या न्हाणीघराला आतून खटका आणि बाहेरून किल्लीचं भोक, असं जुनं कुलूप होतं. त्याची किल्ली लग्नाच्या पहिल्या वर्षी हरवली होती आणि खटका तेव्हापासून अडत होता. गावभरच्या कुलपांना तेल पाजणाऱ्या माणसाच्या घरात हे असं, दिव्याखाली अंधार! बायको दर आठवड्याला म्हणायची, खटकेराव दर आठवड्याला "उद्या" म्हणायचे. दार ओढून न घेता आत जायचं, एवढं दोघांच्या अंगवळणी पडलं होतं. ते ताईंना सांगायचं राहिलं.

आतून आधी सौम्य खडखड आली. मग जोरात. मग ताईंचा सरकारी आवाज, "अहो, हे काय आहे?"

"ताई, उघडू का?" खटकेरावांनी नेमाप्रमाणे विचारलं.

"विचारताय काय? उघडा!"

बायकोने अंबाड्यातला आकडा काढून दिला. खटकेरावांनी तो भोकात घातला, एकदा मान तिरकी केली, आणि दार उघडलं. ताईंना ओला हात झटकायलाही वेळ मिळाला नाही.

"वा!" ताई म्हणाल्या. "एका क्षणात!"

"हे काहीच नाही," खटकेराव खुलून म्हणाले. "बँकेचं असतं तरी चहा निवायच्या आत."

बायकोने त्यांना कोपराने ढोसलं, पण उशीर झाला होता. ताईंनी वही काढून लिहिलं: *अर्जदार कोणतेही बंद दार केसांच्या आकड्याने क्षणात उघडतात.* डोळ्यांनी बघितलं तेवढंच. एक अक्षर पदरचं नाही.

मग शेजाऱ्यांची पाळी. समोरच्या इस्त्रीवाल्याने खटकेरावांसाठी जीव ओतून साक्ष दिली. "कसा माणूस आहे?" या प्रश्नावर तो गरम इस्त्री उभी ठेवून छातीवर हात ठेवून म्हणाला, "ताई, देवमाणूस. आमच्या गल्लीत कुणाच्याही घरात हा कधीही जाऊ शकतो. सगळ्यांच्या किल्ल्या याच्याकडे असतात. आणि कधी आला, कधी गेला, पत्ता लागत नाही. आवाज म्हणून नाही!"

ताईंनी तेही लिहून घेतलं. इस्त्रीवाला संध्याकाळी दुकानात येऊन सांगून गेला, "काका, तुमचं काम फत्ते केलं."

एवढं होईपर्यंत खटकेरावांना काळजी होती ती भलत्याच गोष्टीची. पोलीस ठाण्यात बोटांचे ठसे द्यायचे होते, आणि त्यांना वाटायचं आपले ठसे येणारच नाहीत. इतकी वर्षं कानशी घासून बोटांची टोकं गुळगुळीत झालेली, त्यात तेल आणि पितळेची भुकटी. "ठसा नाही म्हणजे माणूसच नाही असं म्हणतील," ते रात्री उशीवर बोटं धरून बायकोला दाखवायचे. बायको मग रोज संध्याकाळी कोमट पाण्यात साबण घालून त्यांची बोटं भिजवायची, दात घासायच्या जुन्या ब्रशाने घासायची. हा संसारातला नवाच सोहळा. लग्न ठरवतानासुद्धा त्यांच्या हाताकडे कुणी इतकं बघितलं नव्हतं.

ठाण्यात काचेच्या यंत्रावर बोटं ठेवली, तर पहिल्या दोन वेळा लाल दिवा. तिथली महिला शिपाई वैतागून म्हणाली, "काका, दाबा की जरा! कुलूप आहे असं समजा." खटकेरावांनी कुलूप आहे असं समजून अंगठा दाबला. हिरवा दिवा! मग दहाच्या दहा हिरवे. शिपाई पडद्याकडे बघून म्हणाली, "अरे वा, छापल्यासारखे आलेत." खटकेराव ठाण्याच्या पायऱ्या उतरले ते परीक्षेत पहिला आल्यासारखे. वाटेत त्यांनी मुलीच्या खिडकीसाठी पडद्याचं कापड घेतलं, पिवळं, त्यावर हत्ती.

ते कापड बायको शिवायला बसली असतानाच ठाण्यातून निरोप आला. दोघांनी या. प्रमाणपत्र अडलंय.

"नाव चुकलं असेल," खटकेराव म्हणाले.

"पत्ता असेल," बायको म्हणाली, पण तिने सुई कापडात तशीच टोचून ठेवली. पुढच्या आठवड्यात न्यायाधीशांपुढे सुनावणी होती. त्या दिवशी पोलिसांचं प्रमाणपत्र नसलं, तर मुलगी यादीतल्या पुढच्या जोडप्याला दाखवायची असा नियम होता. संस्थेच्या बाईंनी तो हळू आवाजात, पण दोनदा सांगितला होता.

ठाण्याच्या मागच्या खोलीत ठसेतज्ज्ञ बसले होते. त्यांना सगळे भिंगसाहेब म्हणत, कारण त्यांच्या गळ्यात दोरीने भिंग लटकायचं. निवृत्तीला आलेले, बारीक, पांढऱ्या मिशांचे. खटकेराव आत येताच ते उभे राहिले. पोलीस माणूस आपल्याला बघून उभा राहतो, हा अनुभव खटकेरावांना नवा होता. त्यांनी मागे वळून दुसरं कुणी आलंय का ते बघितलं.

"तुम्हीच?" भिंगसाहेब म्हणाले. "हात बघू."

त्यांनी खटकेरावांचा उजवा अंगठा दोन बोटांत धरून भिंगाखाली घेतला, आणि नवस फेडायला आलेल्या माणसासारखे कितीतरी वेळ नुसते बघत राहिले. "हाच," ते म्हणाले. "हा डावीकडचा भोवरा. हा कानशीचा व्रण. सोळा वर्षं! सोळा वर्षं मी या अंगठ्याच्या मागावर आहे."

बायकोने खटकेरावांकडे बघितलं. खटकेरावांनी अंगठ्याकडे बघितलं.

मग सगळं बाहेर आलं. शहरात सोळा वर्षांत ज्या घरफोड्या उलगडल्या नव्हत्या, त्यांतल्या एकवीस ठिकाणी एकच ठसा सापडला होता. चोर बहुधा हातमोजे घालतात, काही उमटत नाही. पण हा ठसा प्रत्येक वेळी तेलात बुडवून, जणू मुद्दाम मागे ठेवल्यासारखा, स्वच्छ. भिंगसाहेबांनी त्याच्यावर रात्री घालवल्या होत्या. त्याचा स्वभाव त्यांनी ठशांवरून रचून काढला होता, आणि आता तो ते पाठ असलेल्या स्तोत्रासारखा म्हणून दाखवू लागले.

"शांत माणूस. घाई अजिबात नाही. कुलूप कधी मोडत नाही, दुखवतसुद्धा नाही. हावरा नाही. एका घरी तर काही न नेता नुसतं कपाट उघडून गेला. माझ्या हाताखालची पोरं म्हणायची, टोळी असेल. मी म्हणायचो, छे, हा एकटा आहे. कलावंत आहे!" ते थांबले. "डॉक्टरांच्या घरात कपाटाच्या बिजागरीला तेल घातलंत. का? एवढं एकच मला कधी कळलं नाही."

"करकरत होती," खटकेराव म्हणाले.

"म्हणजे तुम्ही होता तिथे!"

"होतो की. हवालदारांनीच बोलावलं होतं."

 दाराशी उभे असलेले हवालदार छताच्या पंख्याकडे असे बघायला लागले, जणू पंखा त्यांनी आजच पहिल्यांदा पाहिला.

त्याचं असं होतं. घरफोडी झाली की पहिले पोचायचे हवालदार. चोर मागच्या बाजूने आलेला, पुढचं दार लागलेलं, कपाटं अडकलेली, घरधनी बोंब मारतोय. अशा वेळी नियम सांगतो की भिंगसाहेब येईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. आणि अनुभव सांगतो की भिंगसाहेब यायला दुपार होते, तोवर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून हवालदार पोरगा पाठवून खटकेरावांना बोलवून घ्यायचे. खटकेराव दार उघडायचे, कपाट उघडायचे, तेलाचा थेंब सोडायचे, अंगठ्याने खटका दोनदा मागेपुढे करायचे आणि निघून जायचे. मग हवालदार आत पंख्याखाली बसायचे. भिंगसाहेब येईपर्यंत अंगठा सुकून तयार असायचा.

"दर वेळी?" भिंगसाहेबांनी हवालदारांना विचारलं.

"दर वेळी नाही साहेब," हवालदार म्हणाले. "दोनदा यांना ताप होता."

"ती दोन प्रकरणं," भिंगसाहेब हळूच म्हणाले, "मी दुसऱ्या माणसाच्या नावावर लावली. मला वाटलं, माझा माणूस गावाला गेलाय."

ते खुर्चीत बसले. समोर अर्जासोबत आलेला ताईंचा अहवाल होताच. क्षणात दारं उघडतात. सगळ्या घरांत जा-ये आहे, आवाज होत नाही. त्यांनी तो पुन्हा वाचला, आणि बुडत्याला काडी सापडावी तसा त्यांचा चेहरा झाला. "हे बघा," ते म्हणाले, "हवालदारांनी बोलावलं हे तुम्ही म्हणता. कागदावर कुठे आहे? कागदावर ठसा आहे, अहवाल आहे. सगळं जुळतंय. इतकं जुळणारं प्रकरण माझ्या आयुष्यात आलं नव्हतं."

"मला काही आठवत नाही नक्की," हवालदार पंख्याला म्हणाले. त्यांची बढती तोंडावर आली होती.

"अहो हवालदार! गेल्या महिन्यात तर—" खटकेराव उठून उभे राहिले. आयुष्यभर दुसऱ्यांची दारं उघडली, आणि आता स्वतःच अशा खोलीत, जिला भोकच नाही. त्यांना ते हत्तीचं पिवळं कापड दिसायला लागलं. सुई तशीच टोचलेली.

 बायकोने पदर खांद्यावर घट्ट घेतला, खुर्ची टेबलाजवळ ओढली आणि खिडकीत बसते तशी ताठ बसली.

"साहेब, मी हरवलेल्या वस्तूंच्या खिडकीवर असते. आमच्याकडे माणसं येतात. वर्षभर छत्री शोधत असतात. दिसली काळी छत्री की झडप घालतात. तिची मूठ वेगळी, काड्या वेगळ्या, त्यांनाही दिसतं. पण इतके दिवस शोधलेली असते ना, की सोडवत नाही हातातून."

"बाई, तुम्हाला काय म्हणायचंय?"

"मला काही म्हणायचं नाही. मी नियमाने चालते. चोर तुमचा हरवलाय. दोन खुणा सांगा."

"ठसा," भिंगसाहेब लगेच म्हणाले.

"झाली एक. ती तर कुणीही सांगेल, आम्ही स्वतः येऊन दिली. दुसरी?"

भिंगसाहेब गळ्यातल्या भिंगाची दोरी चाळवू लागले.

"एकवीस घरांतलं काय गेलं? दागिने, घड्याळं. त्यातलं आमच्याकडे काय सापडलं? या तपासायला, आत्ता या. फक्त न्हाणीघराचं दार ओढून घेऊ नका. बरं, ते नाही तर चोर पळतो. हे सोळा वर्षं तुमच्या ठाण्यापासून हाकेच्या अंतरावर बसलेत. तुमच्या या कपाटाचं कुलूप कुणी बसवलं?"

भिंगसाहेबांनी मागच्या लोखंडी कपाटाकडे बघितलं. त्या कपाटात सोळा वर्षांच्या सगळ्या फायली होत्या. त्यांनी उठून खटका मागेपुढे केला. करकर नाही की काही नाही. भिंग लावायची गरजच नव्हती. खटक्यावरचा तेलाचा अंगठा नुसत्या डोळ्यांनी दिसत होता.

"दुसरी खूण सांगता आली नाही," बायको म्हणाली, "तर मी वस्तू देत नाही. कितीही लांबून आलेला असो."

भिंगसाहेब कपाटासमोरून हलले नाहीत. त्यांना मूलबाळ होतं, मुलगे परदेशी होते, वर्षातून दोनदा फोन करायचे. हा अज्ञात इसम मात्र रोज त्यांच्याजवळ होता. त्याच्याबद्दल ते घरी आपल्या बायकोशी जेवताना बोलायचे. तो आजारी असेल का, याची त्यांनी काळजीसुद्धा केली होती. निवृत्तीच्या आधी एकदा भेट व्हावी एवढीच इच्छा होती, आणि भेट झाली ती अशी.

"हुशार तरी आहे ना हो?" त्यांनी खटकेरावांच्या बायकोला विचारलं. विचारणं विचित्र होतं, पण तिला कळलं.

"कुलपांपुरते आहेत," ती म्हणाली. "बाकी सगळं मला बघावं लागतं."

भिंगसाहेब हसले. मग बसून एका दमात लिहिलं: *सदर ठसे पोलिसांनी वेळोवेळी मदतीस बोलावलेल्या कारागिराचे असून अर्जदाराविरुद्ध काहीही नाही.* सोळा वर्षांचा एकुलता एक चोर एका ओळीत मेला. त्यांनी कागद हवालदारांपुढे सरकवला.

"साहेब, माझी बढती..."

"हवालदार, पंख्याखाली बसून मिळवायची तेवढी मिळवलीत. करा सही."

हवालदारांनी केली. त्यांची बढती वर्षभर लांबली, आणि पुढे शहरात घरफोडी झाली की जागेभोवती पहिली दोरी तेच बांधू लागले. दोरीच्या बाहेर, उन्हात, छत्री घेऊन उभे. छत्री त्यांनी बसस्थानकाच्या खिडकीवरून नेली. दोन खुणा सांगून.

सुनावणी झाली. न्यायाधीशांनी तीन प्रश्न विचारले, तिन्ही बायकोला. मुलगी घरी आली ती एका हातात बाहुली आणि दुसऱ्या मुठीत किल्ली घेऊन. आक्का बघायला आली, मुलीला उलटीसुलटी न्याहाळून म्हणाली, "नाक तुझ्यावरच गेलंय की रे!" खटकेरावांना हे इतकं आवडलं की तिसऱ्या भाच्याला त्यांनी दुकानात कबुतरं उडवायची कायमची परवानगी दिली.

आणि त्यांनी न्हाणीघराचं कुलूप दुरुस्त केलं. ताईंच्या अहवालाची शरम होतीच, शिवाय आता घरात लहान मूल. अर्धा रविवार खपून त्यांनी ते सगळं उकललं, घासलं, तेल पाजलं. खटका असा लोण्यासारखा फिरायला लागला की करंगळीने लागावा. किल्ली मात्र करायची राहिली. ती उद्या.

महिन्याभराने ताई आल्या. मूल रुळलं का ते बघायला, नियमाप्रमाणे. त्या बसल्या, वही काढली, आणि तेवढ्यात न्हाणीघरातून आवाज आला. क्लिक.

खटकेराव ताडकन उठले. तो आवाज त्यांच्याइतका कोण ओळखणार?

"वीस वर्षं सांगत होते दुरुस्त करा, दुरुस्त करा," बायको दारापाशी धावत म्हणाली. "केलंत ते असं! आधीचं असतं तर पोरीच्या हातून बापजन्मात लागलं नसतं!"

आतून पाण्याचा आणि गाण्याचा आवाज येत होता. मुलगी मजेत होती. पण मोरीत बादली भरलेली, फरशी ओली.

"अहो, उघडा ना," ताई उभ्या राहून म्हणाल्या. "तुम्ही तर क्षणात उघडता."

खटकेरावांनी ताईंच्या वहीकडे बघितलं. मग आकड्याकडे बघितलं, जो बायकोने केव्हाच काढून हातात धरला होता. मग ते दाराशी उकिडवे बसले आणि टकटक केली.

"कोण आहे?" आतून.

या एका प्रश्नाचं उत्तर ते वर्षभर सरकारला देत होते. दहा बोटांसकट. आता नेमकं सुचेना.

"मी," ते म्हणाले.

"मी कोण?"

"बाबा." हा शब्द त्यांनी दाराआडून प्रथमच वापरून बघितला. खटका नवीन असला की हात जरा जपूनच चालतो. "उघडू का?"

आत गाणं थांबलं.  मुलगी नाही म्हणाली असती तर, नेम म्हणजे नेम, हा माणूस तिथेच बसून राहिला असता हे बायकोला पक्कं माहीत होतं.

दाराखालच्या फटीतून काहीतरी सरकत बाहेर आलं. कोरी किल्ली. एकही दात न पाडलेली.

"याने उघड," आतून हुकूम आला.

खटकेरावांनी किल्ली उचलून भोकाशी धरली. ती त्या कुलपात अर्धीसुद्धा जात नव्हती. त्यांनी डाव्या हाताने ती भोकावर खडखड वाजवली, खूप वेळ, मन लावून, आणि उजव्या हाताने खालून आकडा घातला.

"लागला खटका!" ते म्हणाले.

दार उघडलं. मुलगी ओल्या फ्रॉकात उभी होती. तिने हात पुढे केला. खटकेरावांनी किल्ली परत दिली. तिने ती नीट बघून खिशात टाकली आणि ताईंना सांगितलं, "माझी आहे. सगळं उघडते."

ताईंनी आकडा पाहिला होता. खटकेरावांच्या उजव्या हातात तो अजून चमकत होता. त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला. मग वहीत लिहिलं, आणि त्या घराबद्दलच्या इतक्या कागदांत पदरचं म्हणून जे काही शिरलं ते एवढंच: *दार मुलीच्या किल्लीने उघडले.*